पाचव्या डब्याच्या पलीकडे

१

"वहिनी, हे डबे आता शोकेसमध्ये ठेवा. पळायचं वय गेलं यांचं."

छोट्या आगगाड्यांच्या मंडळाचे चिटणीस हे सगळ्यांदेखत बोलले आणि वर आपल्याच विनोदावर हसले. चिमाताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक तर ती कोणाची वहिनी नव्हती. तिने लग्न केलं नव्हतं, आणि तेही राहून गेलं म्हणून नव्हे, नको होतं म्हणून. मंडळात इतकी वर्षं येऊनही दर नवा सभासद तिला विचारायचाच, "मिस्टरांना आवड आहे वाटतं गाड्यांची?" पण खरं झोंबलं ते हे, की चिटणीस खोटं बोलत नव्हते.

डबे वाईटच चालत होते. गडद लाल रंगाचे पाच डबे, प्रत्येक वीतभर लांब, खिडक्यांखाली पिवळी रेघ. दिसायला देखणे. पण इंजिन त्यांना ओढताना धापा टाकत होतं, आणि सांध्यावर, म्हणजे एका रुळाचे दोन होतात त्या जागी, मधला डबा न चुकता आडवा व्हायचा. पुन्हा आडवा झाला तेव्हा मागून कोणीतरी "अरेरे" म्हणालं. त्या अरेरेमध्ये दयेपेक्षा मजाच जास्त होती.

"येत्या रविवारी प्रदर्शन आहे ना?" डबे खोक्यात भरत ती म्हणाली. "त्यात हे पाचही धावतील. तुमच्या एक्स्प्रेसच्या पुढे."

"धावू देत की," चिटणीस म्हणाले. "पण भावाला विचारलंत का? त्यांचे ना डबे?"

डबे दादाचेच होते. लहानपणी चिमाताईला त्यांना बोट लावायची परवानगी नव्हती. खोकं कपाटावर असायचं, तिचा हात पोचणार नाही इतकं वर. एकदा ती स्टुलावर चढली आणि तिने ते खाली ओढलं. ज्या दादाने तिला कधी टपली मारली नव्हती, त्याने त्या दिवशी तिच्या थोबाडीत दिली. पन्नाशी उलटली, केस पांढरे झाले, तरी ती थोबाडीत अजून तिच्या गालावर होती.

आता दादा तिच्याकडेच राहायला आला होता. अर्धांगाचा झटका येऊन त्याचा उजवा हात गेला, बोलणं अडखळायला लागलं, एकट्याने राहणं अशक्य झालं. त्याचं घर आवरताना हे खोकं निघालं. "टाकून दे," तो म्हणाला होता. चिमाताईने टाकलं नाही. आयुष्यभर जे हाताला लागू दिलं नाही ते टाकायचं? ती काय वेडी होती?

२

चिमाताई एका लॅबमध्ये कवळ्या बनवायची. कवळी केसभर उंच राहिली तरी माणूस पहिल्याच घासाला कळवळतो, त्यामुळे केसभर फरक तिच्या बोटांना आपोआप कळायचा. संध्याकाळी घरी आली की दादाचा चहा, दादाच्या गोळ्या, आणि मग जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल पसरून तिचं काम. रेडिओ हळू आवाजात चालू. पलीकडच्या खोलीत दादा वर्तमानपत्र मांडीवर घेऊन बसलेला, दार उघडं.

काम तसं सरळ होतं. जुनी प्लॅस्टिकची चाकं काढून पितळेची बसवायची. दोन चाकांमधली दांडी दोन्ही टोकांना अणकुचीदार असते आणि ती टोकं दोन बारीक खळग्यांत फिरतात. खळगे साफ असले की डबा फुंकरीने पळतो. हलका डबा उड्या मारतो, म्हणून त्याच्या तळाला शिशाच्या पट्ट्या. शिवाय डबे एकमेकांना अडकवणारे आकडे नवे, आखूड, म्हणजे दोन डब्यांमध्ये फट राहत नाही.

पहिला डबा तिने उलटा केला. चाकं निघेनात. तिने भिंग डोळ्याला लावलं, आणि तिच्या तोंडून असा काही शब्द गेला की आतून दादाने विचारलं, "काय झालं?"

खळग्यांत सरस होता. जुना, मधासारखा पिवळा, काचेसारखा टणक. मळ नव्हे, चुकून उडालेला थेंब नव्हे. काडीच्या टोकाने एकेका खळग्यात नीट भरलेला. दुसऱ्या डब्यात तेच, तिसऱ्यातही तेच. तिने छत उचकटलं तर आत आणखी एक नमुना. खऱ्या गाडीसारखं या डब्यांना दोन्ही टोकांना दार होतं, एका डब्यातून दुसऱ्यात जायचं. अशा प्रत्येक दारावर आतून काळा कागद चिकटवला होता. एकावर एक, दुहेरी.

"कोण गाढव आहे हा!" चिमाताई ओरडली. "चांगल्या वस्तूची अशी माती करायची? चालू नये म्हणून मेहनत घेतलीय! मेहनत!"

फालतू काम तिने आयुष्यात पुष्कळ पाहिलं होतं. पण इतकं मन लावून केलेली नासधूस तिने पाहिली नव्हती.

दादा काठी टेकत दारात आला. तो डब्यांकडे बघत नव्हता. तिच्या चिमट्यात जो काळा कागद होता त्याच्याकडे बघत होता.

"परत लाव," तो म्हणाला.

"काय?"

"तो. परत लाव, चिमे. नको... नको करूस हे."

"म्हणजे तू केलंस हे?"

दादाने मान हलवली, हो की नाही ते कळेना. त्याला शब्द सापडत नव्हता. तोंड उघडलं, मिटलं, शेवटी पुन्हा "नको" एवढंच आलं.

"तुला अजून वाटतं मी मोडेन," ती म्हणाली. "लोक माझ्या हातचे दात तोंडात घालून जेवतात, दादा. आणि तुझे डबे मी मोडणार!"

तो वळला आणि आत जाऊन बसला. तिने खळग्यांतला सगळा सरस कोरून काढला. काळे कागद पाण्याने भिजवून, सोलून, चुरगळून कचऱ्यात टाकले. त्या संध्याकाळी तिने त्याच्याशी गोळ्यांपुरतंच बोलणं ठेवलं.

३

पहिला डबा तयार झाला तेव्हा तिने टेबलावर एक सरळ रूळ मांडला, खिडकीपासून भिंतीपर्यंत. लांबच लांब दोन तुकडे, मध्ये एकच जोड. डबा ठेवला आणि हात काढून घेतला.

डबा निघाला.

हळू, अगदी शहाण्यासारखा, भिंतीच्या दिशेने. जोडावर चाकांचा टक् असा आवाज झाला, आणि रुळाच्या टोकाला लावलेल्या लाकडी ठोकळ्याला नाक लावून डबा थांबला. तिने उचलून पुन्हा मागे ठेवला. पुन्हा गेला.

"वाकडं टेबल!" चिमाताई म्हणाली. तिला रागाइतकाच आनंदही झाला, कारण डबा खरोखर लोण्यासारखा चालत होता, आणि राग काढायला माणूसही तयार होता. ज्या मिस्त्रीने हे टेबल केलं तो गल्लीच्या टोकालाच राहायचा. दुसऱ्या दिवशी लॅबमधून येताना तिने त्याला जवळजवळ दंडाला धरूनच वर आणलं.

"ताई, टेबल वाकडं निघालं तर माझं नाव बदला," मिस्त्री जिना चढताना म्हणत होता. "आजवर तक्रार नाही एकाची. तुमचीच पहिली. तुमची सगळ्या गोष्टींत पहिली असते म्हणा."

त्याने पाणसळ काढली, रुळाशेजारी आडवी ठेवली. बुडबुडा मधोमध. उभी ठेवली, तिरपी ठेवली. मधोमध. मग खिशातून काचेची गोटी काढली. "ही खोटं बोलत नाही," म्हणत टेबलावर ठेवली. गोटी जिथे ठेवली तिथेच राहिली.

"आता बघा," चिमाताई म्हणाली आणि तिने डबा रुळावर ठेवला.

डबा भिंतीकडे गेला. गोटी जागची हलली नाही.

मिस्त्रीने खाली वाकून टेबलाखाली पाहिलं. मग डब्याकडे पाहिलं. "चावी आहे याच्यात."

"नाही."

"मग सेल असेल."

तिने डबा उलटा करून त्याच्या हातात दिला. त्याने तो घेतला, चाकं बोटाने फिरवली, खिडकीतून आत डोकावला. मग पटकन टेबलावर ठेवून दिला आणि तळवा पँटला पुसला.

"गार लागतोय," तो म्हणाला.

"पितळ आहे, शिसं आहे. गार नाही लागणार तर काय?"

"तसं नाही, ताई." तो पाणसळ पिशवीत घालत होता. "दार उघडं असलं की पायाला लागतं ना, तसं. जाऊ दे. टेबल सरळ आहे. चहा नको, उशीर होतोय."

गोटी तो तिथेच विसरून गेला. टेबल सरळ असल्याचं मान्य करावं लागलं, याचा चिमाताईला भयंकर राग आला.

४

ती हार मानणाऱ्यांतली नव्हती. तिने पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली. डबा पुढचं टोक मागे करून ठेवला. तो उलट्या तोंडानेही भिंतीकडेच गेला. रूळ आडवा मांडला, भिंतीला समांतर, तर डबा मुकाट्याने उभा राहिला. टेबल ओढून खोलीच्या मधोमध आणलं आणि गर्रकन फिरवलं. टेबल फिरलं. डब्याने दिशा बदलली नाही.

खालच्या मजल्यावर यंत्र असेल, त्याची थरथर असेल. ती खाली जाऊन आली. खालच्या घराला कुलूप होतं. चुंबक असेल म्हणावं तर पितळ आणि शिसं चुंबकाला भीक घालत नाहीत. मग भिंतीत काय आहे? तिने शेजारची खिडकी उघडून बाहेर मान काढली. इमारतीची ती शेवटचीच भिंत होती. बाहेर गिलावा, त्यावरून उतरणारा नळ, खाली उभ्या केलेल्या दुचाक्या. भिंतीपलीकडे हवेशिवाय काही नव्हतं.

सरस होता तोवर हे कधी दिसलं नसतं, तिच्या मनात आलं. सरसाने डब्याला धरून ठेवलं होतं. तिने फक्त धरणारा हात काढून घेतला होता.

हा विचार तिला आवडला नाही. तिने रेडिओ मोठा केला आणि दुसरा डबा हातात घेतला.

तिसरा झाला तेव्हा आवाज तिच्या लक्षात आला. रेडिओवरचं गाणं संपून जराशी शांतता होती. तिन्ही जोडलेले डबे तिने सोडले. चाकं जोडावरून गेली, टक् टक्, टक् टक्, आणि डबे ठोकळ्याला लागून थांबले. आवाज थांबला नाही. बारीक, लांबचा, पलीकडच्या गल्लीत कोणीतरी पाट्यावर काही ठोकत असावं तसा. टक् टक्. टक् टक्. रुळाला जोड एकच होता आणि डबे उभे होते.

तिने ठोकळ्यावर तळहात ठेवला. आवाज बंद. हात उचलला. टक् टक्.

"दादा!" ती ओरडली. "हा काय चावटपणा आहे?"

दादा आला तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी होती. "काय बसवलंयस या डब्यांत? लहानपणी मला हात लावू दिला नाहीस. सरस भरलास, कागद चिकटवलेस, का तर माझ्या हाती लागले तरी चालू नयेत. इतका मत्सर? बहिणीचा?"

"नाही, चिमे."

"मग का भरलास सरस? चांगले चालत नव्हते म्हणून?"

दादा भिंतीला टेकला. डाव्या हाताने त्याने उजवा हात धरला, पडेल म्हणून धरावा तसा.

"चांगले चालत... होते," तो म्हणाला. "म्हणून."

"याला काही अर्थ आहे?"

"त्यांना... जोडू नकोस. पाचही. एवढं ऐक."

"रविवारी प्रदर्शन आहे," चिमाताई म्हणाली. "मी पाचही जोडणार."

त्याने काठी सावरली. मग म्हणाला, "तू कधी ऐकलंस?" आणि आत गेला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

५

शनिवारी तिला सुट्टी होती. जेवण आटोपून दादा पलंगावर पडला आणि चिमाताईने शेवटचा डबा पुरा केला. काम असं झालं होतं की तिला स्वतःलाच स्वतःच्या पाठीवर थाप मारावीशी वाटत होती. नवे आकडे तिने इतके नेमके बसवले होते की दोन डब्यांची दारं एकमेकांना भिडत होती. दोन्हींमध्ये तिने हातमोज्याच्या रबराची बारीक चुणीदार नळी बसवली होती, खऱ्या गाडीत असते तशी. पहिल्या डब्यातून शिरलं तर थेट पाचव्यातून बाहेर.

चिटणीसांचं तोंड कसं होईल याचा विचार करतच तिने पाचही डबे रुळावर जोडले. मागचा डबा तिने बोटांत धरून ठेवला होता, तरी तो जाणवला. ओढ. जोर असा नाही. गर्दीत मूल आपलं बोट धरून पुढे ओढतं ना, तसली. तिने हळूच सोडलं. डबे सरकत गेले, ठोकळ्याला लागले, आणि लांबची टक् टक् सुरू झाली. आज लांबची वाटत नव्हती.

"पाण्याचा नळ," ती स्वतःशी मोठ्याने म्हणाली. "बाहेरच्या भिंतीवरचा. उन्हाने तडकतोय." बरोबर होतं ते. नळ तडकतात उन्हाने.

पाचही डबे एका ओळीत आहेत ना, हे बघायचं राहिलं होतं. लॅबमध्ये ती तसंच बघायची, एक डोळा मिटून, दातांच्या ओळीवरून नजर टाकून. इथे तर आरपार दारंच होती. ती टेबलावर वाकली, गाल टॉवेलला टेकवला, भिंग लावलं आणि मागच्या डब्याच्या दारातून आत पाहिलं.

खिडक्यांमधून दुपारचं ऊन डब्यांत तिरपं पडलं होतं. दोन्ही बाजूंना बाकं, मधून चिंचोळी वाट. एक दार, त्याच्या आत दुसरं, त्याच्या आत तिसरं, चौथं, सगळी एकात एक नेमकी बसलेली. सुरेख. शेवटच्या दारात ठोकळ्याचं लाकूड दिसायला हवं होतं.

तिथे दार होतं.

त्याच्या आत आणखी एक. आणि आणखी. पुढच्या डब्यांमध्ये ऊन नव्हतं. आणि पाच डब्यांपलीकडची ती दारं स्थिर नव्हती. एक डावीकडे झुले तेव्हा दुसरं उजवीकडे झुलत होतं, धावत्या गाडीत झुलतात तशी. टक् टक्, टक् टक्.

त्या वाटेने कोणीतरी येत होतं.

दिवा घेऊन. दिवा खाली, गुडघ्यापाशी धरलेला, त्यामुळे उजेड जमिनीवर पडत होता आणि वरचं काही दिसत नव्हतं. धावत्या गाडीत चालतो तसं ते चालत होतं, एका बाकाची पाठ धरायची, सोडायची, पुढची धरायची. घाई अजिबात नाही. फक्त ते वाकलेलं होतं. पाठ छताला घासत होती, खांदे दोन्ही बाजूंना टेकत होते. प्रत्येक दारातून आधी हात यायचा, चौकट धरायचा, आणि मग बाकीचं ओढून घेतल्यासारखं आत यायचं. हे डबे त्याच्या मापाचे नव्हते.

चिमाताईच्या मनात पहिली गोष्ट आली ती राग. मी इतकं खपून ही वाट साफ केली, दारं उघडली, दारांना दारं भिडवली, ती याच्यासाठी? कोणाला विचारून आला हा?

ते पाचव्याच्या लगेच पलीकडच्या डब्यात आलं, आणि थांबलं.

ते का थांबलं, हे कळायला तिला एक श्वास लागला. ती ज्या दारातून बघत होती ते दार तिच्या डोळ्याने भरून गेलं होतं. पलीकडून येणाऱ्याला समोरचा उजेड अचानक बुजल्यासारखा दिसला असणार.

गुडघ्यापाशी असलेला दिवा हळूहळू वर यायला लागला, समोर कोण आहे ते बघायला.

चिमाताई मागे झाली ती खुर्चीसकट जमिनीवर पडली.

६

आवाजाने दादा आला. ती भिंतीला पाठ लावून बसली होती आणि ओरडत होती, पण ती दादावरच ओरडत होती. दुसरं कोणी ओरडण्याजोगं तिथे नव्हतं.

"सांगायचं होतंस! माणसासारखं तोंड उघडून सांगायचं होतंस! थोबाडीत मारता आली, सांगता नाही आलं? इतकी वर्षं मी तुला... तुला मी काय काय समजत होते!"

दादाने काठी टेबलाला टेकवली आणि डाव्या हाताने, न बघता, चाचपत, पहिला डबा दुसऱ्यापासून सोडवला. टक् टक् थांबली. एकेक करत त्याने तीन डबे वेगळे केले, आडवे पाडले. चौथ्या आणि पाचव्यामधला आकडा त्याला निघेना. चिमाताई उठली. ते काम त्याच्याच्याने होणारं नव्हतं आणि तिच्याच्याने होणारं होतं. तिने आकडा काढला, पाचवा डबा रुळावरून उचलला आणि मुठीत धरला.

"सांगितलं असतं," दादा म्हणाला, एकेक शब्द खालून उचलून आणल्यासारखा, "तर तू बघितलं असतंस."

बघितलंच असतं. त्याच दिवशी, स्टुलावर चढून.

दादा खुर्ची सरळ करून बसला. त्याच्या कपाळावर घाम होता. "मी एकदाच बघितलं. तेव्हा. दिवा होता. लांब." त्याने डाव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांना जवळजवळ टेकवलं. "सुईच्या टोकाएवढा. हलत होता. मग मी सरस लावला. कागद लावले. वाटलं, वाट बंद केली की... थांबेल." त्याने कपाळ पुसलं. "थांबला ना तो, चिमे? तुला किती लांब दिसला?"

चिमाताईने त्याच्याकडे पाहिलं. दादाचा अर्धा चेहरा हलत नव्हता आणि हलणारा अर्धा तिच्या तोंडाकडे लागला होता, डॉक्टरांच्या तोंडाकडे लागतो तसा. आयुष्यात तिने त्याला एकही गोष्ट गोड करून सांगितली नव्हती. खारट तर खारट, कडू तर कडू.

"तेवढाच," ती म्हणाली. "सुईच्या टोकाएवढा. लांब आहे, दादा. खूप लांब."

"हलत होता?"

"नाही. एका जागी होता."

दादाने डोळे मिटले. त्याचे खांदे खाली आले. ते इतकी वर्षं वर होते, हे तिला ते खाली आल्यावर कळलं.

फोन वाजला. तिने मोकळ्या हाताने घेतला. चिटणीस होते.

"वहिनी, उद्याचं नक्की ना? तुमच्या डब्यांना मी जागा ठेवलीय म्हटलं, मुख्य रुळावर. सगळे वाट बघतायत."

"मी नाही आणत," चिमाताई म्हणाली.

"का हो?"

"तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. नाही पळणार ते."

एवढं सोपं जाईल असं चिटणीसांना वाटलं नसावं. मग ते मोठ्या मनाने म्हणाले, "मी म्हटलंच होतं. वाईट वाटून घेऊ नका. मिस्टरांना सांगा, नवे घेऊन देतील." आणि हसले. एरवी तिने तिथल्या तिथे त्यांचा पाणउतारा केला असता, पुन्हा कधी तोंड वर करून बोलायची छाती झाली नसती. आता तिने नुसतं "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

"चहा टाक ना, चिमे," दादा डोळे न उघडता म्हणाला. त्याचा आवाज आज पहिल्यांदा मोकळा होता, अडखळला नव्हता.

"टाकते," ती म्हणाली.

पण ती जागची हलली नाही. पाचवा डबा अजून तिच्या मुठीत होता, आणि त्याच्या टोकाचं दार तिने अंगठ्याने दाबून धरलेलं होतं. ते तिने मुद्दाम केलं नव्हतं. अंगठा नेमका तिथे बसला होता. अंगठ्याच्या कातडीला गार लागत होतं.

मग आतून कोणीतरी हळूच ढकलून पाहिलं. जोर लावून नव्हे. दार नुसतं लोटलंय की आतून कडी आहे, ते बघायला ढकलतात ना, तसं.

चिमाताईने दात आवळले आणि अंगठा आणखी दाबला.